१९४७ चं मेपलचं पान
कॅनडाचा १९३६ चा ठिपकेवाला सेंट (सालाखाली ठिपका असलेलं एक सेंटचं नाणं) फार दुर्मीळ म्हणतात ते बरोबरच, पण जगात तीनच माहीत आहेत, आपल्या हाती कुठले लागायला! त्यापेक्षा १९४७ ची मेपल लीफवाली कॅनडाची नाणी बघा, त्यात आपला थेट संबंध आहे. भारत स्वतंत्र झाला म्हणून नाण्यावरच्या राजा सहाव्या जॉर्जच्या बिरुदातून 'भारताचा सम्राट' काढायचं होतं, पण लंडनहून नवे साचे यायला उशीर, मग ऑटावाच्या टांकसाळीने १९४८ मध्येही ४७ सालचीच नाणी पाडली आणि ओळखायला सालाजवळ बारीक पान टाकलं. त्याच उशिरामुळे १९४८ चा चांदीचा डॉलर फक्त १८,७८० निघाला, तो महागच. पानवाला सेंट मात्र आरामात परवडतो, फक्त घासूनपुसून चकचकीत केलेला अजिबात घेऊ नका.