मदत हवी आहे: ड्रायव्हरमध्ये ‘डेव्हएम’ आणल्यावर रिमूव्हचा क्रम बिघडला

लिनक्स कर्नलमधील एका जुन्या प्लॅटफॉर्म ड्रायव्हरची साफसफाई करताना, प्रोब फंक्शनच्या (उपकरण सापडल्यावर ते सुरू करणाऱ्या) शेवटी असलेली, चूक झाल्यास घेतलेले सगळे परत सोडणाऱ्या गोटू लेबलांची उतरंड काढून टाकण्यासाठी मी मेमरी, रजिस्टरांचे मॅपिंग आणि इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरला दिलेली हाक) हे तिन्ही ‘डेव्हएम’ फंक्शनांकडे, म्हणजे घेतलेल्या गोष्टी शेवटी उलट क्रमाने आपोआप सोडणाऱ्या कर्नलच्या सोयीकडे, सोपवले. ओळी कमी झाल्याचा आनंद दोनच दिवस टिकला, कारण आता मॉड्यूल काढताना बोर्ड कधीकधी जागीच गोठतो.

माझा तर्क असा आहे की, क्लॉक (उपकरण ज्यावर चालते तो घड्याळ-संकेत) मी रिमूव्हमध्ये, म्हणजे ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, अजूनही हाताने बंद करतो, तर डेव्हएमने घेतलेला इंटरप्ट रिमूव्ह संपल्यानंतरच सुटतो. इंटरप्टची लाइन दुसऱ्या उपकरणाशी सामायिक असल्यामुळे मधल्या काळात आमचा हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारे फंक्शन) चालतो आणि क्लॉक नसलेल्या उपकरणाचे स्टेटस रजिस्टर वाचायला जातो. लाइनच बंद ठेवणे योग्य नाही. त्याने शेजारचे उपकरणही मुके होईल.

अशा वेळी क्लॉकही इंटरप्टच्या आधी डेव्हएमकडे द्यावे, म्हणजे उलट क्रमाने ते नंतर बंद होईल, की रिमूव्हच्या सुरुवातीलाच इंटरप्ट स्वतः मोकळा करावा? मला पहिला मार्ग पटतो. तसे केल्यास, बायसेक्ट करणाऱ्याला (दोष कोणत्या बदलाने आला ते मधल्या आवृत्त्या तपासून शोधणाऱ्याला) मधली अवस्था बिघडलेली मिळू नये म्हणून क्लॉकचा पॅच मालिकेत इंटरप्टच्या पॅचआधी ठेवावा, की दोन्ही बदल एकाच पॅचमध्ये द्यावेत?