शोरूममध्ये किंमत सांगायला टाळाटाळ: काय करावं?

प्रेषक: मंजिरी

नमस्कार मंडळी,

नवीन गाडी घ्यायची आहे. मॉडेल ठरलंय, ट्रिम (म्हणजे मॉडेलचा कुठला प्रकार) ठरलाय, रंगाबद्दल आग्रह नाही. अडचण आहे ती शोरूमवाल्यांची. किंमत विचारली की ताकास तूर लागू देत नाहीत, "महिन्याला किती हप्ता जमेल?" हेच पुन्हा पुन्हा. ईमेल केला तर "एकदा येऊन जा, मग बोलू." आणि गेलं की "मॅनेजरला विचारून येतो" म्हणून अर्धा तास गायब.

तीन प्रश्न. अशा सेल्समनकडून खरी किंमत कशी काढून घ्यायची? माणूस बदलून मागता येतो का? आणि नुसता हप्ता कळला तर त्यावरून मूळ रकमेचा अंदाज कसा बांधायचा?

– मंजिरी

-----

प्रेषक: सुहास

मंजिरी,

आधी ही माणसं अशी का वागतात ते लक्षात घे, उपाय त्यातच आहे. बऱ्याच शोरूममध्ये सेल्समनचा पगार लहान असतो आणि कमाई कमिशनवर चालते. हे कमिशन गाडीच्या किमतीवर नसतं, त्या सौद्यात शोरूमला जो नफा उरतो त्यावर असतं. नफा फार कमी उरला तर एक ठरलेली किमान रक्कम हातात पडते, मग त्याने एक तास घालवलेला असो की सहा. त्यामुळे आल्याआल्या "शेवटची किंमत सांगा" म्हणणारं गिऱ्हाईक त्याला नकोसं होतं. दुसरं म्हणजे सूट द्यायचा अधिकार त्याच्याकडे नसतोच, तो सेल्स मॅनेजरकडे असतो. "विचारून येतो" यात तेवढं तथ्य आहे. पण तो जो वेळ लावतो तो मुद्दाम असतो. दोन-तीन तास घालवल्यावर रिकाम्या हाताने उठणं कुणालाही जड जातं, आणि हे त्यांना पक्कं माहीत असतं.

तेव्हा शोरूममध्ये फक्त टेस्ट ड्राइव्ह करायची. आकड्यांची बोलणी घरून, लेखी.

पद्धत अशी. डीलरांच्या वेबसाइटवर हजर गाड्यांची यादी असते. त्यातली आपल्या ट्रिमची नेमकी गाडी शोधायची आणि तिचा स्टॉक नंबर किंवा 17 अक्षरी व्हीआयएन (प्रत्येक गाडीचा वेगळा ओळख क्रमांक) टिपून घ्यायचा. हे महत्त्वाचं आहे, कारण एकाच ट्रिमच्या दोन गाड्यांवर वेगवेगळी पॅकेजेस असतात आणि नंबर नसेल तर "अहो, तो भाव दुसऱ्या गाडीचा होता" म्हणायला त्यांना वाव राहतो. मग पाच-सहा डीलरांना एकाच दिवशी, एकाच मजकुराचा ईमेल. तो शक्यतो सेल्स मॅनेजरला किंवा ऑनलाइन विक्री बघणाऱ्या विभागाला जावा. त्या विभागाचं काम बहुधा गाड्यांच्या संख्येवर मोजलं जातं, म्हणून तिथे उत्तर लवकर मिळतं.

मजकूर चार-पाच ओळींचा पुरतो: अमुक नंबरची गाडी हवी आहे. कर, नोंदणी, कागदपत्रांची फी, बसवलेल्या ॲक्सेसरीज असं सगळं धरून एकूण आकडा सुटा सुटा करून लेखी कळवा. सध्या जुनी गाडी देणार नाही आणि कर्जाबद्दल बोलणार नाही. मी हाच प्रश्न इतरांनाही विचारला आहे. अमुक दिवशी निर्णय घेईन आणि त्याच आठवड्यात गाडी नेईन.

शेवटचं वाक्य विसरू नकोस. सेल्समनला सगळ्यात जास्त भीती असते ती नुसते भाव गोळा करत फिरणाऱ्यांची. "याच आठवड्यात" हे शब्द दिसले की उत्तराचा सूर बदलतो. फोन नंबर मात्र देऊ नकोस, नाहीतर ईमेलचं उत्तर फोनवर येतं आणि लेखी काहीच राहत नाही.

"येऊन जा, मग बोलू" असं उत्तर आलं तर एकदाच लिहायचं: "आकडा कळला की टेस्ट ड्राइव्हला नक्की येईन." तरी आकडा नाही, तर तो डीलर सोडून द्यायचा. सहातले दोन-तीन असेच गळतात आणि ते बरंच आहे. उरलेल्यांत सर्वात कमी आकडा ज्याचा, तो दुसऱ्या आणि तिसऱ्याला दाखवून एकदाच विचारायचं, यापेक्षा खाली येता का. दोनदा-तीनदा हा खेळ केलास तर उत्तरं थांबतात. आणि घासाघीस संपली की शब्द पाळायचा.

महिनाअखेर खरोखर फरक पाडते, पण सरसकट नाही. कंपनी डीलरला ठरावीक संख्या गाठल्यावर बोनस देते. एक-दोन गाड्या कमी पडत असतील तर तो एखादी तोट्यातही सोडेल. संख्या आधीच पूर्ण झाली असेल तर 30 तारीख आणि 12 तारीख सारखीच. खूप मागणी असलेल्या, वेटिंगवरच्या मॉडेलला हे काहीच लागू नाही. तिथे "छापील किमतीवर एक पैसाही जास्त नाही आणि नको त्या ॲक्सेसरीज नाहीत" एवढं लेखी मिळालं तरी चांगला सौदा समज.

माणूस बदलून मागता येतो. पण तू पहिल्यांदा ज्याच्याशी बोललीस त्याच्या नावावर तुझी नोंद होते आणि कमिशनवर त्याचा दावा लागतो, म्हणून दुसरा सेल्समन स्वतःहून मध्ये पडत नाही. थेट सेल्स मॅनेजरला लिही: "यांच्याकडून दोनदा विचारूनही किंमत मिळाली नाही. दुसऱ्या कुणाशी बोलायला आवडेल, नाहीतर मी दुसरीकडे बघते." तक्रारीचा सूर नको, कारण नको. मॅनेजरला गिऱ्हाईक घालवायचं नसतं, तो कमिशनचं आपसात बघून घेतो.

– सुहास

-----

प्रेषक: विद्या

> नुसता हप्ता कळला तर त्यावरून मूळ रकमेचा अंदाज कसा बांधायचा?

मंजिरी, याला एक छोटा तक्ता पाठ करून ठेव. दर 1,000 मुद्दलामागे महिन्याचा हप्ता, घटत्या शिलकीवर:

6 टक्के, 60 महिने: 19.33
7 टक्के, 60 महिने: 19.80
8 टक्के, 60 महिने: 20.28
6 टक्के, 72 महिने: 16.57
6 टक्के, 84 महिने: 14.61

समजा ठरलेली कर्जाची रक्कम 30,000 आहे (चलन कुठलंही धर), दर 6 टक्के, मुदत 60 महिने. हप्ता 580 च्या आसपास यायला हवा. समोरचा म्हणाला 620. तर 620 ला 19.33 ने भाग आणि 1,000 ने गुण: 32,070 च्या पुढे येतं. म्हणजे कुठेतरी दोन हजारांहून जास्त रक्कम घुसवली आहे, किंवा दर तरी सांगितला त्यापेक्षा चढा आहे. तिथल्या तिथे विचार, "हे कशाचे?" मोबाइलवर हे गणित करायला अर्धं मिनिट लागतं.

"हप्ता किती जमेल?" याचं उत्तर कधीही द्यायचं नाही, कारण हप्ता मुदत वाढवून हवा तेवढा खाली आणता येतो. वरच्या तक्त्यात 60 चे 84 महिने केले की हप्ता 19.33 वरून 14.61 वर येतो आणि स्वस्त वाटतो. पण एकूण परतफेड दर 1,000 मागे 1,160 वरून 1,227 होते. शिवाय लांब मुदतीत पहिली काही वर्षं गाडीची बाजारातली किंमत शिल्लक कर्जापेक्षा कमी असते. मध्येच गाडी विकावी लागली किंवा अपघातात निकामी झाली, तर फरक आपल्या खिशातून.

शोरूममध्ये कधी कधी कागदाचे चार चौकोन करून समोर ठेवतात: गाडीची किंमत, जुन्या गाडीची किंमत, सुरुवातीला भरायची रक्कम आणि हप्ता. एका चौकोनात सूट दिसते आणि दुसऱ्यातून ती परत काढून घेतात. जुन्या गाडीला भरघोस भाव देऊन नव्या गाडीवरची सूट गिळायची, आवळा देऊन कोहळा काढायचा तो असा. त्यामुळे चारही गोष्टी वेगवेगळ्या दिवशी बोलल्या तरी चालतील, पण एकाच कागदावर नकोत. आधी नव्या गाडीचा आकडा लेखी पक्का. मग जुन्या गाडीसाठी बाहेरच्या दोन खरेदीदारांचे भाव घेऊन डीलरला दाखवायचे. काही देशांत जुनी गाडी डीलरलाच दिली तर कर फक्त फरकाच्या रकमेवर लागतो. तुमच्याकडे तसं असेल तर डीलरचा थोडा कमी भावही परवडतो, तेवढा हिशोब करून बघ.

कर्ज आधी बँकेतून मंजूर करून ठेव. डीलरमार्फत कर्ज घेतलं तर बँकेने त्याला दिलेल्या दरावर तो स्वतःचे टक्के चढवू शकतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो मूळ दर आपल्याला दिसत नाही. 30,000 वर 60 महिन्यांत 6 आणि 8 टक्क्यांतला फरक सुमारे 1,700 होतो. बँकेचं पत्र हातात असलं की डीलरला एवढंच म्हणायचं: यापेक्षा कमी दर देत असाल तर तुमच्याकडून घेते.

अपवाद एक आहे, कंपनीच्या 0 टक्के योजनेचा. बहुतेक वेळा 0 टक्के किंवा रोख सूट यांतलं एकच मिळतं. पूर्ण रक्कम कर्जाने घेणार असशील, बाहेर 6 टक्के दर असेल आणि मुदत 60 महिने असेल, तर रोख सूट किमतीच्या 13.8 टक्क्यांहून जास्त असेल तरच ती घ्यावी. नाहीतर 0 टक्के बरं.

लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी भाड्याने, गाडी घेणाऱ्यांसाठी एक ओळ. तिथे व्याज टक्क्यांत सांगत नाहीत, 0.0025 असा काहीतरी मनी फॅक्टर सांगतात आणि तो फार छोटा वाटतो. त्याला 2,400 ने गुणायचं: 6 टक्के. लीजचं व्याज सुरुवातीची आणि शेवटची किंमत यांच्या बेरजेवर काढतात, म्हणून सरासरीसाठी 2, वर्षाचे 12 महिने आणि टक्क्यांसाठी 100, तिन्हींचा गुणाकार 2,400.

– विद्या

-----

प्रेषक: मंजिरी

सुहासदादा, विद्याताई, मनापासून आभार. ईमेल पाठवले. चार उत्तरं आली. त्यांत एकाने किंमत लिहून पुढे "अधिक फी" एवढंच लिहिलंय. दुसऱ्याचा आकडा पूर्ण आहे, पण त्यात पेंट प्रोटेक्शन, काचांवर नंबर कोरणं आणि टायरमध्ये नायट्रोजन धरलंय. "आधीच बसवलंय, काढता येत नाही" म्हणतात. यांना काय लिहू?

– मंजिरी

-----

प्रेषक: माधव

मंजिरी,

पहिल्याला: "फीची नावं आणि रकमा कळवा, नाहीतर तुमचा आकडा तुलनेत धरता येणार नाही." सरकारी कर आणि नोंदणी सगळ्यांकडे सारखीच पडते. फरक असतो तो डीलरच्या स्वतःच्या फीत. काही ठिकाणी तो म्हणेल की ही फी सगळ्यांना सारखी, कमी करता येत नाही. ठीक, फी राहू दे, तेवढी रक्कम गाडीच्या किमतीतून कमी कर म्हणावं. आपल्याला एकूण आकड्याशी मतलब.

दुसऱ्याला: नायट्रोजनचे पैसे देऊ नकोस. साध्या हवेतच सुमारे 78 टक्के नायट्रोजन असतो. पेंट प्रोटेक्शन म्हणजे बहुधा एक लेप. तो लावलाय हे खरं की नुसतं कागदावर, हे विचारायला हरकत नाही. "बसवलंय तर राहू द्या, पण मी त्याचे पैसे देणार नाही. नाहीतर ज्या गाडीवर नाही ती दाखवा." गाडी हजर आहे आणि गिऱ्हाईक याच आठवड्याचं आहे, तर हे मान्य होण्याची शक्यता चांगली.

दोन गोष्टी इथे कुणी लिहिल्या नाहीत. जुन्या गाडीचा भाव काढायला तिची किल्ली मागतात आणि मग ती परत मिळायला वेळ लागतो. दुसरी किल्ली खिशात ठेव, किंवा त्या दिवशी जुनी गाडी नेऊच नकोस. आणि बुकिंगची रक्कम देताना पावतीवर गाडीचा व्हीआयएन, ठरलेला एकूण आकडा आणि "अमुक तारखेपर्यंत गाडी न मिळाल्यास पूर्ण परत" एवढं लिहून घे. रक्कम क्रेडिट कार्डाने भर, वाद झाला तर कार्ड कंपनीकडे दाद मागता येते.

सौदा ठरल्यावर सहीसाठी फायनान्सच्या खोलीत बसवतात. खरी विक्री तिथे पुन्हा सुरू होते: वाढीव वॉरंटी, टायरचा विमा, सर्व्हिस पॅकेज. ती खोली शोरूमला मोठा नफा देते. दमलेला माणूस तिथे पानं उलटत सह्या करतो. आदल्या दिवशी करार ईमेलवर मागव आणि चार आकडे ताड: गाडीची किंमत, एकूण कर्ज, व्याजदर, महिने. वाढीव वॉरंटी हवीच असेल तर लक्षात ठेव, मूळ वॉरंटी संपेपर्यंत ती बहुतेक वेळा नंतरही घेता येते. "आजच घ्या" म्हणण्याला फारसा अर्थ नाही.

गाडी ताब्यात घेताना उजेडात आणि कोरडी असताना बघ, ओल्या पत्र्यावर ओरखडे दिसत नाहीत. व्हीआयएन करारावरचाच आहे ना, हे काचेखालच्या पट्टीवर आणि दाराच्या चौकटीवर बघायचं. टायरच्या बाजूला "DOT" असं छापलेलं असतं, त्यानंतरच्या अक्षरांत शेवटचे चार अंक म्हणजे टायर बनल्याची तारीख: 3224 म्हणजे 2024 चा 32 वा आठवडा. चारही टायर एकमेकांच्या जवळच्या तारखांचे हवेत. वाहतुकीसाठी टायरमध्ये हवा जास्त भरलेली असते आणि ती उतरवायची राहून जाते, म्हणून दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या दाबाशी जुळव. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर बॅटरीचा व्होल्टेज बघायला सांग. इंजिन बंद असताना आणि गाडी काही तास न हललेली असताना साध्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर 12.6 च्या आसपास हवा, 12.2 दिसलं तर ती अर्धी उतरली आहे. दोन्ही किल्ल्या चालवून बघ. जे काही अपुरं असेल, मॅट असो की बंपरवरचा चरा, ते "देणं बाकी" म्हणून कागदावर मॅनेजरच्या सहीने घे. सेल्समनने तोंडी सांगितलेलं पुढच्या आठवड्यात त्यालाच आठवत नाही, आणि तो तिथे असेलच असंही नाही.

– माधव

-----

प्रेषक: सुहास

माधवरावांच्या यादीत एक भर. टेस्ट ड्राइव्हची किंवा शोरूममध्ये उभी असलेली गाडी नवी म्हणून देत असतील तर ओडोमीटर बघ आणि वॉरंटी कुठल्या तारखेपासून सुरू झाली ते लेखी विचार. डेमो गाडीची वॉरंटी काही वेळा ती डेमोसाठी वापरात आली त्याच दिवशी सुरू होते. सहा महिने तिथेच गेले असतील तर तेवढी सूट वेगळी मागायची, आधीच्या सूटमध्ये मिसळू द्यायची नाही.

– सुहास