लॉबीची सजावट मुलांच्या हातची

ए-१०३ : रविवारी लॉबी सजवायची आहे. विकतच्या झालरींऐवजी मुलांकडूनच करून घ्यावं असं वाटतंय. पण माझी धाकटी अडीच वर्षांची, मोठा सात वर्षांचा. दोघांना एकत्र बसवून काय करता येईल?

बी-४०२ : कागदाची साखळी. ए-फोर कागदाच्या आडव्या ३ सेंटीमीटर रुंद पट्ट्या कापा, एका कागदात ९ निघतात. एका पट्टीचं साधारण ६ सेंटीमीटरचं कडं होतं, म्हणजे दोन कागदांत मीटरभर साखळी. पट्टी आधीच्या कड्यातून ओवायची धाकटीने, चिकटवायची मोठ्याने.

ए-१०३ : हे जमेल. पण तिला कात्रीच हवी असते.

सी-२०१ : ताई, तिला रंगीत कागद फाडायला द्या. फाडताना एक हात पुढे, एक मागे न्यावा लागतो. कात्री धरायला लागेल तेव्हा हीच सवय कामी येते. तुकडे मोठ्या कार्डशीटवर चिकटवले की झाली तिची पाटी तयार. मोठ्याला कंदील द्या. कागद लांबीत दुमडायचा, घडीच्या बाजूने काप द्यायचे, समोरच्या कडेला दोन बोटं जागा सोडायची. उघडून गोल गुंडाळला की कंदील. आणि धाकटीच्या हाताशी मणी, टिकल्या, मोठी बटणं काही नको. तोंडात जातंच.

बी-१०४ आजी : मी मिठाचं पीठ मळून देईन. २ वाट्या मैदा, १ वाटी बारीक मीठ, पाणी वाटीभर, पण थोडं थोडं घालत. अर्धा सेंटीमीटर जाड लाटायचं, झाकणाने गोल कापायचे आणि भोक ओलं असतानाच पाडायचं. वाळल्यावर पाडायला गेलं की तुकडा पडतो. उलटसुलट करत दोन-तीन दिवस वाळवावे लागतात, म्हणून गुरुवारीच बसू.

सी-२०१ : आजी, फार छान. फक्त मुलांनी ते पीठ खाऊ नये एवढं बघायला हवं, मीठ खूप असतं. कुत्र्यांनाही त्याने विषबाधा होते, तेव्हा वाळत घालताना उंचावर ठेवूया.

ए-५०२ : मला एक मनापासून सांगायचंय. मागच्या वेळी लेक झोपल्यावर मी तिच्या पताका काढून सारख्या अंतरावर, सरळ रेषेत लावल्या. सकाळी ती बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, 'माझ्या कुठेत?' होत्या त्याच, पण तिला ओळखता आल्या नाहीत. म्हणून विनंती, रविवारी कुणीही मुलांचं काम मागून नीट करू नका. तीन पताका एकाच कोपऱ्यात आल्या तरी येऊ देत. आणि एक दोरी खाली, त्यांचा हात पोचेल अशी बांधा. लहान मुलं खिळ्यापाशी उचलून घ्या म्हणतात, मग लावणारे आपणच होतो.

बी-४०२ : पटलं. दोरी मी बांधतो. जिन्याजवळ नको पण, धावताना गळ्यात अडकेल. भिंतीला घट्ट, तीन ठिकाणी.

ए-१०३ : कागद दिव्यांना टेकणार नाहीत हेही बघा काका.

बी-४०२ : हो, हातभर लांब ठेवतो.

ए-१०३ : आजी, गुरुवारी चारला दोघांना घेऊन येते. मीठ मी आणते.

बी-१०४ आजी : ये गं. जुने शर्ट घालून आण त्यांना.