अनुभव धागा: हिवाळ्यात पुण्याहून पहाटे निघून रात्री घरी, तुम्ही कुठे जाता?

नमस्कार मंडळी. डिसेंबर लागला की आमच्याकडे दर आठवड्याला एकच विषय, रविवारी कुठे जायचं. पावसाळी भटकंतीवर भरपूर लिहिलं जातं, ताम्हिणी, माळशेज, धबधबे सगळं मिळतं, पण थंडीतल्या एका दिवसाच्या सहलीचं एका जागी फारसं सापडत नाही. आणि खरं तर आपल्याकडे फिरायचे सगळ्यात चांगले दिवस हेच. ऊन सोसवतं, धरणं भरलेली असतात, ज्वारी हुरड्याला आलेली असते, लांबचे पाहुणे पक्षी उतरलेले असतात. म्हणून हा धागा. अट एकच, मुक्काम नाही, रात्रीचं जेवण घरी. नुसती माहिती नको, तुम्ही काय पाहिलंत, किती वाजता पोचलात, बरोबर कोण होतं, काय खाल्लंत ते सगळं येऊ द्या.

माझं मत आधीच सांगतो. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहा-सव्वासहाला मावळतो, म्हणजे हातात जेमतेम अकरा तासांचा उजेड, त्यातले चार-पाच प्रवासात जाणार. तेव्हा एका दिवसात एकच ठिकाण आणि अंधारातच घर सोडायचं. पाच ठिकाणं यादीत घालून पाचही ठिकाणी गाडीतून उतरून फोटो काढून परत चढायचं, त्यापेक्षा एकाच जागी चार तास बसलेलं मला जास्त आवडतं.

सुरुवात माझ्यापासून. भिगवण. सोलापूर हायवेने साधारण शंभर किलोमीटर, साडेचारला निघालं तर फटफटायच्या आत पोचता. भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी इथपर्यंत तुंबलेलं आहे आणि त्या उथळ कडेला पक्षी येतात. पक्षी बघायला खुद्द भिगवण गावात नाही, आसपासच्या कुंभारगाव, डिकसळ बाजूला जायचं, होड्या तिथून सुटतात. होडीवाले मूळचे मासेमार, पाणी त्यांना पाठ आहे, शिवाय पक्ष्याचं इंग्रजी नाव, आपलं नाव आणि तो काल कुठे बसला होता हे तिन्ही सांगतात. आम्ही गेलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं, पहिला अर्धा तास काही दिसत नव्हतं, फक्त आवाज, आणि मग धुकं विरलं तसे चक्रवाकांचे थवे दिसायला लागले, केशरी-तपकिरी रंगाचे, मग थापट्या, तलवार बदक, चित्रबलाक, शेकाटे. माझा जीव अडकलाय तो पट्टकादंबात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस मंगोलिया, तिबेटकडे अंडी घालतो आणि हिमालय ओलांडून आपल्याकडे थंडी काढायला येतो. असला पक्षी इंदापूर तालुक्यातल्या शेतात शांतपणे हरभऱ्याजवळ चरताना बघितला की मला दरवेळी भरून येतं, काय करू.

एक महत्त्वाचं. फ्लेमिंगोसाठी, म्हणजे रोहित पक्ष्यासाठी जाणार असाल तर डिसेंबरातच जायची घाई करू नका. तो पाण्यात उभा राहून, चोच उलटी करून चिखलातलं गाळून खातो, त्यामुळे त्याला उथळ पाणी लागतं. पाऊस चांगला होऊन उजनी काठोकाठ असेल तर कडेची दलदल पाण्याखाली असते आणि तो उशिरा येतो, पाणी उतरेल तसा. आधी तिथल्या होडीवाल्याला फोन करून विचारायचं, ते खरं काय ते सांगतात. नाश्त्याला चहा आणि जेवायला चिलापीचं कालवण, तळलेली चिलापी, बाजरीची भाकरी. दुपारी बाराला निघालो, चारच्या आत घरी.

*

भिगवणचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, आमचं गाव दौंड तालुक्यात. पुणेकरांना हात जोडून सांगणं आहे, या दिवसांत आमच्याकडच्या रस्त्यांवर अंधार पडल्यावर गाडी चालवू नका आणि पहाटे चालवलीत तर सावकाश. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असतो, उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून रात्रंदिवस पळत असतात, बैलगाड्याही असतात. पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या पाल्याखाली झाकलेला असतो, आणि ट्रॉली रस्त्यातच पंक्चर होऊन उभी असेल तर जवळ जाईपर्यंत कळत नाही. त्यात नदीकाठाचं धुकं. आमच्या ओळखीतली माणसं यात गेलीत. हायवेपेक्षा आतले रस्ते जास्त धोक्याचे. कारखाना जवळ असेल तर मधलं अंतर जास्त ठेवा, पुढच्या गाडीचा लाल दिवा बघून चालवू नका, तो दिवा नसतोच. सहल जरूर करा पण परत निघायची वेळ आधी ठरवा आणि मग बाकीचं.

*

आम्हा दोघी मैत्रिणींचा अनुभव, दोघीही साठीच्या पुढच्या, गाडी चालवत नाही. एसटीने वाई. स्वारगेटवरून सकाळी साडेसहाची महाबळेश्वर गाडी पकडली, बायकांना अर्धं तिकीट आहे त्यामुळे खर्च नावालाच. खंबाटकी चढताना खिडकी उघडली तर सगळी बस ओरडायला लागली इतकी थंडी. नऊला वाईत. आधी ढोल्या गणपती, मग घाटावर जाऊन नुसतं बसलो. कृष्णेचं पाणी हिवाळ्यात संथ असतं, बायका धुणं धुत होत्या, समोर पांडवगड. ऊन अंगावर घेत तिथे बसायचं सुख दुसरीकडे नाही.

नंतर रिक्षा केली मेणवलीला, तीनेक किलोमीटरच आहे. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या मागचा घाट. अर्धचंद्राच्या आकारात पायऱ्या उतरतात, घाटावर मेणेश्वराचं मंदिर, आणि एक मोठी घंटा टांगलेली आहे, तिच्यावर चक्क बाळ येशूला घेतलेली मेरी. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली तेव्हा तिकडच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यातली ही, असं सांगतात. माझी मैत्रीण शाळेत इतिहास शिकवायची, वसईची मोहीम तिने वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलेली, तिने त्या घंटेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

परत येताना वाईच्या बाजारातून स्ट्रॉबेरी घेतली. डिसेंबरात भाव जास्त असतो, जानेवारी-फेब्रुवारीत उतरतो आणि फळही गोड होतं असं मला वाटतं. पाचगणी-महाबळेश्वर मुद्दामच टाळलं, रविवारी पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते. मोठ्या सुट्टीत तर वाईच्या पुढे नकोच.

*

एकच ठिकाण हा नियम मला पटत नाही, जवळजवळची दोन होतात. आम्ही मयूरेश्वर अभयारण्य आणि भुलेश्वर एका दिवसात आरामात करतो. फक्त क्रम पाळायचा, आधी अभयारण्य. सुप्याजवळचं हे माळरान आहे, छोटं, पाचेक चौरस किलोमीटर, चिंकारांसाठी राखलेलं. जंगल म्हटल्यावर दाट झाडी डोक्यात ठेवून जाल तर निराश व्हाल. गवत, काही बाभळी, खडकाळ चढउतार, बस. पण जानेवारीत सकाळी सातच्या उन्हात ते वाळलेलं गवत जे पेटतं ना, आणि त्यात चिंकारा मान वर करून तुमच्याकडे बघत उभा असतो. थंडीत भोवत्या म्हणजे हॅरियर येतात, गवताच्या अगदी वरून, पंख किंचित वर धरून तरंगत जातात. ते दिसले की माझी बायको गाडीतल्या सगळ्यांना गप्प करते. गाडीतून उतरू नका, आवाज नको, प्लास्टिक नको. माळरानाला लोक पडीक जमीन समजतात याचं मला फार वाईट वाटतं, लांडगा, खोकड, चंडोल सगळे याच गवतावर जगतात, झाडं लावून ते हिरवं करायची गरज नाही.

साडेनऊनंतर प्राणी दिसेनासे होतात, तेव्हा चौफुल्यावरून भुलेश्वर. यवतच्या जवळ डोंगरावर यादवकाळचं शिवमंदिर, बाहेरून किल्ल्यासारखं वाटतं कारण दौलतमंगळ किल्ल्याच्या आतच आहे ते. आत अंधाऱ्या जिन्याने चढून गेलं की एकदम कोरीव कामाने भरलेल्या भिंती. मूर्ती बऱ्याच तोडलेल्या आहेत, तरी जे उरलंय ते बघताना दोन तास जातात. गणपतीचं स्त्रीरूप आहे ते शोधा, आमच्या मुलाला शोधायला लावलं, त्याने शोधलं.

*

धागाकर्ता: मयूरेश्वर-भुलेश्वर मान्य, दोन्ही एका रेषेत आहेत. दौंडच्या मित्राने लिहिलेलं सगळ्यांनी दोनदा वाचा प्लीज. आणि कासबद्दल दोघातिघांनी विचारलंय, ती फुलं सप्टेंबरची, आता तिथे नुसतं वाळकं पठार दिसेल.

*

निघोज कुणीच लिहिलं नाही अजून? शिरूरमार्गे नव्वदएक किलोमीटर. कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत, अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे नगर (आताचं अहिल्यानगर). मी शाळेत भूगोल शिकवते म्हणून जरा सविस्तर सांगते. बेसॉल्ट खडक, म्हणजे आपला काळा पाषाण. पुराच्या पाण्यात भोवरे होतात, पात्रातल्या खड्ड्यात दगडगोटे अडकतात आणि भोवऱ्याबरोबर गरागरा फिरत खडक घासत राहतात, जात्यात दळल्यासारखं. हजारो वर्षं. खड्डा खोल होत जातो, शेजारचा खड्डा त्याला मिळतो, आणि शेवटी हे असं पात्र तयार होतं, गुळगुळीत, वळणावळणाचं. काही खळग्यांच्या तळाशी ते गोटे अजून दिसतात. पाठ्यपुस्तकातलं चित्र बघून मुलांना काही कळत नाही, इथे आणून गोटा हातात दिला की एका मिनिटात कळतं.

हिवाळ्यात जायचं कारण म्हणजे पावसाळ्यात पात्र भरलेलं असतं आणि उन्हाळ्यात तो काळा खडक इतका तापतो की उभं राहवत नाही. वरच्या धरणातून नदीला पाणी सोडलेलं असेल तर मात्र बरेचसे खळगे दिसत नाहीत, गावात विचारून जा. खळग्यांच्या कडेला शेवाळ असतं आणि आतलं पाणी किती खोल आहे ते वरून अजिबात कळत नाही, भिंती गुळगुळीत असल्यामुळे पडलेल्या माणसाला धरायला काही नसतं. मुलांचा हात सोडायचा नाही, कडेवर उभं राहून सेल्फी नाही, पोहणं तर नाहीच नाही. दोन्ही तीरांवर मळगंगेचं देऊळ आहे. वाटेत रांजणगावचा गणपती लागतो.

*

निघोजवरून परत येताना आमच्या मावशीच्या शेतात हुरडा असतो दरवर्षी. आता सगळीकडे हुरडा पार्ट्यांचे बोर्ड लागलेत, झोपाळे, ट्रॅक्टर राइड वगैरे, मुलांना आवडतं, पण ओळखीत कुणाचं शेत असेल तर तिथेच जा. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतात, त्यात कोवळी कणसं भाजतात आणि गरम असतानाच हातावर चोळून दाणे काढतात. मावशीच्या हाताला चटके बसतच नाहीत असं वाटतं, आम्ही फुंकर मारत बसतो. बरोबर शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, गूळ, गोडी शेव, रेवड्या, दही. दाणा हिरवा आणि दुधाळ पाहिजे, एकदा टणक झाला की गेला, म्हणजे एका शेतात जेमतेम काही दिवसच मिळतो. म्हणून मावशीचा फोन आला की आम्ही वार बघत नाही, रजा टाकतो.

*

नाणेघाट. जुन्नरमार्गे, घाटघरपर्यंत गाडी जाते. पावसात जी गर्दी असते त्यातलं कुणी थंडीत नसतं. कोकणाकडचा कडा स्वच्छ दिसतो, खाली शेतं, पलीकडे डोंगरांच्या ओळी. पण मला त्या गुहेबद्दल लिहायचंय. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याकडून येणारा माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. गुहेच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, कुठले यज्ञ केले आणि दक्षिणा किती दिली त्याचा हिशोब, आकड्यांसकट. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते, ते गेले, वर कोरलेली नावं तेवढी उरलीत. आणि वाटेच्या तोंडाशी दगडी रांजण, जकातीचा म्हणतात. त्या नावांखाली उभं राहिल्यावर दोन हजार वर्षांपूर्वीचे बैल, मीठ, कापड सगळं समोरून जातंय असं मला झालं. लेखावर कुणी नावं कोरताना दिसलं तर तिथल्या तिथे अडवा.

*

पुण्याची अट आहे पण माहेर पेणचं म्हणून एवढंच. जानेवारीत वालाच्या शेंगा आल्या की रायगडात पोपटी लागते. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, मग शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, वरून परत पाला, आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ. पाणी नाही की तेल नाही. रात्रीचा कार्यक्रम असतो त्यामुळे एका दिवसात बसत नाही, पण कुणी बोलावलं तर मुक्काम करा.

*

भिगवणला गाडी नसेल तर कसं जायचं? आई-बाबांना घेऊन जायचंय, बाबांचा गुडघा दुखतो, होडीत चढउतर जमेल का?

*

धागाकर्ता: भिगवण स्टेशन पुणे-दौंड-सोलापूर लाइनवरच आहे, पण सगळ्या गाड्या थांबत नाहीत, वेळापत्रक बघून ठरवा. स्टेशनवरून पुढे रिक्षा ठरवावी लागते आणि पहाटेची वेळ रेल्वेने साधत नाही. तसं असेल तर दुपारी तीननंतरची होडी घ्या, संध्याकाळचं ऊनही छान असतं, फक्त परतीची गाडी आधी नक्की करा. होड्या कडेला चिखलात लावतात, एक मोठं पाऊल टाकावं लागतं, होडीवाले हाताला धरून चढवतात, माझ्या आईला चढवलं होतं. बाबांना पाठ टेकायला एक उशी न्या आणि कानटोपी विसरू नका, पाण्यावर वारा बोचतो. दुर्बीण नसेल तर मला व्यक्तिगत संदेश करा, माझी देतो.