जुनं नाशिक: आगीचा धोका वाड्याचा मोजायचा की गल्लीचा?

तिवंधाकर: परवा दही पुलापासून तिवंध्यापर्यंत मुद्दाम मान वर करून चालत गेलो. एका वाड्यात लाकडी जिन्याखाली सात वीजमीटर, त्यांच्याच खाली चार्जिंगला लावलेली ई-स्कूटर आणि बाजूला पुठ्ठ्यांची थप्पी. वर तीन बिऱ्हाडं, उतरायला तोच एक जिना. पावसाळ्याच्या तोंडावर 'धोकादायक' नोटिसा येतात त्या पडझडीच्या. 30 वर्षांवरच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट होतं तेही वाडा उभा राहील का, एवढ्यापुरतंच. पेटला तर शेजारचे किती जातील, हे कोण बघतं? 2006च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली इमारतीची आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी-जुलैत द्यावं लागतं. आमच्या गल्लीत ते कोणी मागितल्याचं मला तरी आठवत नाही. माझं म्हणणं, गल्लीला गुण द्या: बंब कुठवर येतो, भिंती किती सामाईक, जिने किती, तळमजल्यावर माल काय.

वाडाप्रेमी: आलं का पुन्हा, लाकूड म्हणजे आग! सागवानाची जाड तुळई बाहेरून कोळसते, आत बराच वेळ ताकद धरते. उघडं लोखंड तापलं की वाकतं. माळवदावरची माती तर आगीला उलट अडवते. धोका आणला तो नंतरच्या प्लायवूडच्या पार्टिशनांनी आणि फॉल्स सीलिंगने.

तिवंधाकर: तुळईचं मान्य. पण जिन्याच्या फळ्या तुळईएवढ्या जाड नसतात, आणि माणूस आधी धुराने जातो.

जुना भाडेकरू: तुम्ही गुण द्याल, मालक तो कागद आम्हाला काढायला कोर्टात नेईल. आमच्या शेजारच्या वाड्यात पडझडीच्या नोटिशीनंतर आधी पाणी तुटलं, मग माणसं गेली. 'पुन्हा जागा देऊ' म्हणाले होते. आज तिथे पार्किंग आहे. आगीची भीती मलाही आहे हो, पण ती लागली तर लागेल. घर मात्र कागदाने नक्की जातं.

वायरमन, पंचवटी: वीस वर्षं याच घरांत शिरतोय. किटकॅट, म्हणजे जुन्या पद्धतीचा चिनीमातीचा फ्यूज, उघडलं की फ्यूजवायरच्या जागी तांब्याची जाड तार. का, तर गीझर लावला की फ्यूज उडतो! म्हणजे भिंतीतली जुनी वायर तापत राहते आणि तोडणारं काहीच नाही. एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच, टाकायला सांगितलं की मालक म्हणतो भाडं वाढव, भाडेकरू म्हणतो वाडा माझा आहे का? गुणबिण नंतर द्या, आधी मीटरखालचा माल हलवा.

वाडाप्रेमी: हे पटलं.

तिवंधाकर: भाडेकरू काकांचा मुद्दा मी धरलाच नव्हता, चूक झाली. मग असं करू: यादीत घर नंबर नको, मालकाचं नाव नको. फक्त गल्ली, आणि त्यापुढे काय हलवायचं ते. 'धोकादायक' हा शब्दच नको.

जुना भाडेकरू: आठ वाड्यांची गल्ली, त्यातला पुठ्ठ्यांचा कोणता हे कोणाला कळणार नाही असं वाटतं तुम्हाला?

वायरमन, पंचवटी: आणि घर नंबर नसेल तर मी किटकॅट कोणाचं बदलू?