स्ट्रक्चरल म्हणजे नक्की काय?

प्रश्न: गुहागरला आमचं जांभ्याचं जुनं घर आहे, वर नंतर टाकलेला स्लॅब. इंजिनिअर म्हणाले एकच क्रॅक स्ट्रक्चरल आहे, बाकीच्या नाहीत. मुलाच्या पुस्तकात स्ट्रक्चरल बेकारी पण आहे, मग अर्थ काय धरायचा?

उत्तर १: घरापुरतं सांगतो, जे वजन पेलतं ते स्ट्रक्चरल. आरसीसी (सळी घातलेलं काँक्रीट) फ्रेममध्ये वजन कॉलम-बीमवर असतं, मधली पार्टिशनची भिंत नुसती आडोशाला, पण जांभ्याच्या घरात भिंतीच सगळं पेलतात म्हणून तिथे खिडकी मोठी करायची तरी आधी विचारा प्लीज. प्लास्टरवरच्या बारीक भेगांचं टेन्शन नको.

उत्तर २: स्लॅबची भेग सळीच्या रेषेत जातेय का बघा. खाऱ्या हवेतलं क्लोराइड आत शिरतं, सळी गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट सुटतं. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात किनाऱ्यावरच्या उघड्या आरसीसीला किमान एम 30 (काँक्रीटच्या ताकदीची प्रत) आणि 45 मिमी कव्हर, म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा थर, दिलंय, दुरुस्तीत तेवढं मागून घ्याच.

उत्तर ३: बेकारीचं म्हणाल तर मंदीत काम गेलं ती वेगळी. धंद्याची घडणच बदलली, आपल्या कसबाला मागणीच उरली नाही, ती स्ट्रक्चरल, मंदी सरली तरी जात नाही. त्याला नवीन कसबच शिकावं लागतं.