एकाच प्रिंटमध्ये एका खिडकीत शांत समुद्र, दुसऱ्यात वादळ, असं का?

जुनीफ्रेम: चोरबाजारातून एक प्रिंट आणली, खरं तर फ्रेमसाठीच घेतली. मोत्यांनी लगडलेली राणी, हात पृथ्वीच्या गोलावर, आणि मागे दोन खिडक्या. डावीकडे समुद्र शांत, उजवीकडे जहाजं खडकांवर आपटतायत. एकाच खोलीतून हे कसं दिसेल? आई म्हणते बुडती जहाजं घरात नकोत, वास्तूला वाईट.

गलबत: अहो ही इंग्लंडची पहिली एलिझाबेथ, आर्माडा पोर्ट्रेट. 1588 ला स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने इंग्लंडवर आरमार पाठवलं होतं, तेच हे आर्माडा. खिडक्या म्हणजे आधी आणि नंतर, आपल्या जुन्या चित्रांत एकाच पटावर दोन प्रसंग असतात ना तसं. डावीकडे इंग्रज स्पॅनिश ताफ्यावर पेटती जहाजं सोडतायत आणि उजवीकडे त्याच ताफ्याची वादळात वाट लागलीय. आता राणी बघा, तोंड उजेडाकडे आणि वादळाकडे चक्क पाठ.

टिकलीएवढी: जहाजं पूर्ण दिसतायत म्हणजे नशीबवान आहात. याच्या तीन जुन्या प्रती आहेत, त्यातली लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतली दोन्ही बाजूंनी कापलेली, जहाजं जवळपास गायबच. मोती म्हणजे कौमार्य, लग्न केलं नव्हतं ना तिने. उजवीकडे खुर्चीवर जलपरी कोरलीय, खलाशांना भुलवून बुडवणारी, ती नेमकी वादळाच्या बाजूला, हे मला फार आवडतं. बाकी तेव्हा बाई पंचावन्न वर्षांची होती, चेहऱ्यावर एक सुरकुती दाखवलीय का बघा 😄

गलबत: आणि गोलावर बोटं कुठे आहेत ते? अमेरिकेवर! तिथे तेव्हा स्पेनचा जोर, इंग्रजांचं आत्ता कुठे वसाहतीचं चाललं होतं, म्हणजे ही नुसती जिंकल्याची खुशी नाही, पुढचा दावा पण आहे. 31 डिसेंबर 1600 ला ईस्ट इंडिया कंपनीला सनद देणारी पण हीच, त्यामुळे बोटं पुढे कुठवर सरकली ते आपल्याला माहितीच आहे.

जुनीफ्रेम: भारी! आईला सांगितलं की राणीने वादळाकडे पाठ केलीय. म्हणाली, तिने केली असेल, सोफ्यावर बसलं की मला समोर तेच दिसतं. सध्या पॅसेजमध्ये टांगलीय.